नाशिक (गांधीनगर) : आर्मी एव्हिएशनच्या कोर्सपुरतं भाड्याचं घर – करार, भाग आणि खाचाखोचा

विहितगावकर

दर कोर्सच्या तोंडावर इथे एकच प्रश्न येतो. घरातल्या कुणाला तरी हेलिकॉप्टरच्या प्रशिक्षणासाठी नाशिकला बोलावलेलं असतं, काही महिन्यांपुरतं घर हवं असतं, आणि घरमालक अकरा महिन्यांच्या खाली बोलायला तयार नसतो. उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून हा एकच धागा. ज्यांना नेमकी माहिती आहे त्यांनी भर घालावी.

सुरुवात ठिकाणापासून, कारण पहिली गडबड तिथेच होते. नाशिकमध्ये 'बेस' म्हणजे एक जागा नाही. आर्मी एव्हिएशनच्या वैमानिकांचं प्रशिक्षण कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये, म्हणजे 'कॅट्स'मध्ये होतं. २००३ पासून ते गांधीनगरच्या धावपट्टीवर आहे, नाशिक-पुणे रस्त्याला लागून. स्कूल ऑफ आर्टिलरी देवळाली कॅम्पला. आर्टिलरी सेंटर नाशिकरोड कॅम्पला. हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आणि एचएएल ओझरला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बाहेरगावचा माणूस नकाशात 'नाशिक एअरपोर्ट' टाकतो, नकाशा ओझर दाखवतो, आणि तो आडगाव-ओझरच्या बाजूला घर बघून ठेवतो. मग रोज सकाळी अख्खं शहर आणि द्वारका चौक ओलांडायचा. कोर्सच्या पत्रावर गांधीनगर लिहिलं असेल तर घर पुणे रोडच्याच पट्ट्यात बघा.

दुसरं, घर शोधायच्या आधी दोन कागद हातात हवेत. मूव्हमेंट ऑर्डरवर (रवानगीच्या आदेशावर) टेम्पररी ड्यूटी लिहिलंय की पोस्टिंग, ते बघा. आधीच्या स्टेशनचं क्वार्टर ठेवता येणार की सोडावं लागणार, घरभाडं भत्ता कुठल्या स्टेशनच्या दराने आणि मिळणार की नाही, हे सगळं त्या एका शब्दावर ठरतं. आणि विद्यार्थी अधिकाऱ्याला मेसबाहेर राहायची परवानगी लेखी मिळाली आहे का, ते बघा. बॅचलर असेल तर राहणं मेसमध्येच धरून चाला. बाहेरचं घर हा मुख्यतः कुटुंब सोबत आणणाऱ्यांचा प्रश्न आहे. परवानगीच्या आधी टोकन देऊन बसू नका.

---

मंजिरी_द

छान केलंत. भागांबद्दल लिहिते.

उपनगर आणि गांधीनगरच्या आसपासचा पट्टा सगळ्यात जवळ. जुन्या तीन-चार मजली इमारती भरपूर, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, पण वन बीएचके सहज मिळतो आणि किराणा, दूध, दवाखाना पायी अंतरावर. डीजीपी नगरही सोयीचं, मात्र नाशिकमध्ये डीजीपी नगर दोन आहेत. पुणे रोडकडचं ते एक नंबर. दोन नंबर अंबड-सिडको बाजूला आहे, ते आपल्या कामाचं नाही. जाहिरातीत नुसतं 'डीजीपी नगर' असेल तर आधी तेवढं विचारा.

अशोका मार्ग नवा, इमारती चांगल्या, पार्किंग नीट, भाडं त्या मानाने चढं. दत्तमंदिर, बिटको, जेलरोड हा पट्टा रेल्वे स्टेशनसाठी उत्तम. आई-वडील येऊन-जाऊन असणार असतील तर तोच घ्या. इंदिरानगर नकाशावर जवळ दिसतं, पण धावपट्टी आणि लष्करी जमीन मधे असल्यामुळे वळसा पडतो. अंतर सरळ रेषेत मोजू नका, सकाळच्या वेळेला दुचाकीवरून एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा.

देवळाली कॅम्प आणि लॅम रोड राहायला सगळ्यात शांत. हवा चांगली, लष्करी वातावरण, मिलिटरी हॉस्पिटल तिथेच. गांधीनगरला रोज जायचं तर विहितगाव, बिटको करत यावं लागतं, आणि बिटको चौक संध्याकाळी तुंबतो. पहाटे निघणाऱ्याला जाताना त्रास नाही, परतताना आहे.

---

दारणा

मंजिरीताई, एक भर. जयभवानी रोड, वडनेर दुमाला, आर्टिलरी सेंटरच्या झाडीची कड आणि पुढे दारणाकाठचा ऊसपट्टा इथे बिबट्यांचा वावर आहे, आणि तो सवयीने दुर्लक्ष करावा असा नाही. वडनेर दुमाल्यात माणसांवर हल्ले झाले आहेत. फ्लाइंगवाल्यांचा दिवस पहाटे सुरू होतो, घरात लहान मूल असेल तर संध्याकाळी खेळायला बाहेर जातं. त्या बाजूचं बैठं घर किंवा रो-हाऊस घेण्यापूर्वी आवाराला भिंत आहे का, रस्त्यावर दिवे लागतात का, हे रात्री जाऊन बघा. दुपारी दोन वाजता घर बघून यातलं काहीच कळत नाही.

आवाजाचंही तसंच. चीता-चेतक सर्किट मारतात म्हणजे तेच हेलिकॉप्टर त्याच वाटेने पुन्हा पुन्हा येतं. नाइट फ्लाइंगच्या दिवसांत ते रात्रीही चालतं. अगदी लगतच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तान्हं बाळ असेल तर अवघड जातं. तिथून थोडं सरकलं की बराच फरक पडतो. घर बघायला रविवारी जाऊ नका, कामाच्या दिवशी सकाळी जा, तेव्हाच खरा आवाज ऐकू येईल.

---

सातबारा

भाग सगळे सांगतात, करारावर कुणी बोलत नाही. पैसे अडकतात ते करारात. लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याच्या कराराचं काम रोज करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदलेला लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे नोंदणी टाळून मालक स्वतःचंच नुकसान करून घेतो. 'थोड्याच दिवसांचं आहे, नोटरी करून टाकू' म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे समजावून सांगा, बहुतेक जण ऐकतात.

आता खर्च. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, पण कशावर ते नीट बघा : पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, अधिक परत न मिळणारी रक्कम असल्यास ती. येणारा आकडा वरच्या शंभरात पूर्ण करायचा.

उदाहरणासाठी भाडं १३,००० आणि डिपॉझिट २६,००० धरू.

६ महिने : भाडं ७८,०००, व्याज १,३००, एकूण ७९,३००. त्याचे ०.२५ टक्के १९८, म्हणजे २०० रुपये.
११ महिने : भाडं १,४३,०००, व्याज साधारण २,३८३, एकूण १,४५,३८३. त्याचे ०.२५ टक्के ३६३, म्हणजे ४०० रुपये.

नोंदणी फी शहरी हद्दीत १०००, ग्रामीण भागात ५००. वर दस्त हाताळणीचं शुल्क आणि एजंटची फी.

दोन मुदतींत फरक किती? दोनशे रुपये. म्हणून माझा सल्ला ठाम आहे : कोर्स सहा महिन्यांचा असो की आठ, करार ११ महिन्यांचा करा, लॉक-इन (घर सोडता येत नाही असा सुरुवातीचा काळ) शून्य ठेवा आणि राहणाऱ्याच्या बाजूने एक महिन्याची नोटीस ठेवा. सहा महिन्यांचा करार केलात आणि कोर्स लांबला, तर मुदतवाढीची नवी नोंदणी, पुन्हा फी, पुन्हा दोघांचे अंगठे. मालक त्या वेळी भाडं वाढवून मागतो आणि तुमच्याकडे पर्याय नसतो. अकरा महिन्यांच्या करारातून लवकर बाहेर पडायला नोटीस पुरते.

नोटरीचंही सांगतो. साध्या करारनाम्याला आणि प्रतिज्ञापत्राला ऑक्टोबर २०२४ पासून किमान ५०० चा मुद्रांक झाला आहे. पाचशेचा बाँड, नोटरीची फी आणि एजंटचे पैसे मिळून खर्च नोंदणीच्या जवळपास जातो, आणि हातात येतो तो कलम ५५ पुढे न टिकणारा कागद.

---

अश्विनी_ना

सातबारा सर, लॉक-इन शून्य ठेवायला मालक तयार होत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, दोन महिन्यांत कुणी सोडून गेलं तर पुन्हा दलाली, पुन्हा रंग, आणि मधे घर रिकामं. मधला रस्ता काय काढायचा?

आणि कोर्स नक्की का लांबतो हेही कुणीतरी लिहा, मालकाला पटवताना कामी येईल.

---

विहितगावकर

लांबण्याचं मुख्य कारण हवामान. उड्डाणाचे ठरलेले तास भरावेच लागतात. जून ते सप्टेंबर नाशिकला ढग खाली उतरतात, पाऊस लागून राहतो, दृश्यमानता नसेल तर त्या दिवसाचं फ्लाइंग रद्द. बुडालेले तास पुढे ढकलले जातात. हेलिकॉप्टर देखभालीत अडकलं, परीक्षेची उड्डाणं पुढे गेली, तरी तेच. उलटही होतं. वैद्यकीय कारणाने किंवा श्रेणी न मिळाल्याने विद्यार्थ्याला मधेच कोर्स सोडावा लागतो, आणि मग युनिटला परत जायला अगदी थोडे दिवस मिळतात. म्हणजे तारीख दोन्ही बाजूंनी हलते. कराराला हे दोन्ही पेलता आलं पाहिजे.

---

सातबारा

अश्विनीताई, मधला रस्ता असा : पहिले तीन महिने सोडल्यास पंधरा दिवसांचं भाडं भरपाई म्हणून, त्यानंतर नुसती एक महिन्याची नोटीस. सरकारी आदेशाने जावं लागलं तर नोटीस पंधरा दिवस आणि भरपाई नाही. मालकाला याची भीती वाटत नाही, कारण रक्कम आधीच ठरलेली असते. मसुद्यात टाकायची वाक्यं देतो (परवानाधारक म्हणजे घरात राहणारा), जशीच्या तशी वापरा :

"परवानाधारक सशस्त्र दलात सेवेत असून त्यांचे प्रशिक्षण रद्द झाल्यास, मुदतीपूर्वी संपल्यास अथवा त्यांची अन्यत्र बदली झाल्यास, ते पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन जागा सोडू शकतील. अशा वेळी कोणतीही भरपाई देय राहणार नाही."

"अनामत रक्कम जागेचा ताबा परत दिल्याच्या दिवशी, वीज देयकाची थकबाकी व सोबतच्या यादीतील वस्तूंचे प्रत्यक्ष नुकसान वजा करून, बँक खात्यात जमा केली जाईल. रंगकामासाठी वेगळी कपात केली जाणार नाही."

दुसऱ्या वाक्यातला रंगाचा भाग विसरू नका. इथे घर सोडताना रंगाचे म्हणून महिन्याचं भाडं कापून घ्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तीन वर्षं राहिलेल्याकडून ते घेणं समजू शकतो, सहा महिन्यांसाठी ते अन्यायाचं आहे. बोलणी आधीच करा, किल्ली देताना नाही.

मालकांसाठीही लिहितो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. मुदत संपूनही राहणाऱ्याने जागा सोडली नाही तर कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. यातही उपयोगी पडतो तो नोंदणीकृत करारच.

---

लामरोड

नोंदणीची प्रक्रिया कुणीतरी क्रमाने लिहा ना. माझ्या वहिनी जम्मूला आहेत, दादा आधी येणार. मालक पुण्यात. तिघं एकत्र यायचं म्हणजे कठीण.

---

सातबारा

एकत्र यायची गरज नाही. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सोयीत दोन्ही पक्ष वेगवेगळ्या गावांतून करू शकतात.

मसुदा भरताना दोघांचे आधार आणि पॅन, मिळकतीचा सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर, फ्लॅट नंबर आणि क्षेत्रफळ लागतं. सर्व्हे नंबर मालकाच्या खरेदीखतावर किंवा घरपट्टीच्या पावतीवर सापडतो. वीजबिलावरचा पत्ता बघून भरू नका, तो बहुतेक वेळा अर्धवट असतो. मसुदा तयार झाला की टोकन क्रमांक येतो. दोन्ही बाजूंनी तो वाचून घ्यावा. त्यानंतर मुद्रांक शुल्क आणि फी ऑनलाइन भरायची. मग मालक, राहणारा आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार यांचा वेबकॅमवर फोटो आणि आधारशी जोडलेला अंगठा. पुण्यातला मालक तिथल्या एजंटकडे जाऊन अंगठा देऊ शकतो. शेवटी दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो, त्यांनी मंजूर केला की सूची दोन (नोंदणीचा गोषवारा) सकट प्रत डाउनलोड होते. ती पीडीएफ दोघांकडे हवी.

अडतं कुठे? आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव वेगळं असतं. वयस्कर मालकाचा अंगठा मशीन घेत नाही, मग दुसरं बोट करून बघायचं. घर दोघांच्या नावावर असतं आणि एकच मालक अंगठा देतो, मग दस्त परत येतो. मालकाच्या वतीने भाऊ किंवा मुलगा सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र लागतं, फोनवरचा होकार चालत नाही.

तुमच्या बाबतीत करार दादांच्याच नावाने करा आणि वहिनींचं नाव 'सोबत राहणारे कुटुंबीय' म्हणून मसुद्यात घाला. ते नाव नसेल तर दादा फ्लाइंगला असताना सोसायटीचा वॉचमन त्यांना अडवतो, तिथून कटकट सुरू.

---

फौजी_कुटुंब

महिला अधिकारी असेल तर करार तिच्याच नावाने करा, हे आवर्जून सांगते. कॅप्टन अभिलाषा बराक यांना २०२२ मध्ये याच गांधीनगरला विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) मिळाले, आर्मी एव्हिएशनमधल्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक. त्यानंतरही काही मालक 'मिस्टरांच्या नावाने करू' म्हणतात. नोकरी तिची, परवानगी तिच्या नावाची, भत्त्याचे कागद तिचे. करार नवऱ्याच्या नावाने केला तर भाड्याच्या पावत्या तिच्या काहीच उपयोगाच्या नाहीत.

भत्त्याचंही एका परिच्छेदात सांगते. घरभाडं भत्त्यासाठी नाशिक 'वाय' वर्गाचं शहर आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, वाय शहरांचा दर मूळ वेतनाच्या २० टक्के. तो मिळायला क्वार्टर उपलब्ध नसल्याचा दाखला लागतो. आल्या आल्या अर्ज करा, कारण दाखला किती तारखेपासून लागू ते महत्त्वाचं. जुन्या करप्रणालीत सवलत घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखावर जात असेल तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. काही मालक तिथे मागे सरतात, म्हणून ते बोलणीच्या पहिल्या दिवशीच स्पष्ट करा. नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

मुलांच्या शाळेसाठी केंद्रीय विद्यालयं या पट्ट्यात एकाहून जास्त आहेत, देवळालीत आर्मी पब्लिक स्कूल आहे. घर ठरवण्याआधी शाळेत जागा आहे का ते विचारा, आणि मग शाळेकडचं घर घ्या. फ्लाइंगवाला दुचाकीवर कुठूनही पोहोचतो, पहिलीतलं मूल नाही.

---

गोदाकाठ

मी मालकांच्या बाजूने लिहितो, कारण फसवणूक दोन्हीकडे होते.

घराची जाहिरात टाकली की एक फोन हमखास येतो : 'मैं आर्मी से बोल रहा हूँ, ट्रान्सफर झालीय, घर न बघताच घेतो, डिपॉझिट लगेच पाठवतो.' गणवेशातला फोटो येतो, ओळखपत्राचा फोटो येतो, कँटीन कार्डसुद्धा येतं. मग म्हणतो, आमचं पेमेंट लष्कराच्या खात्यातून जातं, आधी तुम्ही एक रुपया पाठवा, किंवा हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुम्हाला येतील. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. अडकलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

खऱ्या अधिकाऱ्याची खूण उलटी आहे. तो ओळखपत्राचा फोटो पाठवत नाही, कारण ते पाठवायला परवानगी नाही. तो घर बघायला स्वतः येतो किंवा मित्राला पाठवतो. मालकांनो, लष्करी ओळखपत्राची झेरॉक्स मागू नका, आधार आणि पॅन पुरतात. ओळखपत्र समोर दाखवलं तर बघून परत द्या.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची ती मालकाने, आणि सैन्यातल्या माणसालाही त्यातून सूट नाही. ती ऑनलाइन भरता येते. उपनगर, नाशिकरोड आणि देवळाली कॅम्प ही पोलीस ठाणी शहर आयुक्तालयात येतात, ओझर मात्र ग्रामीण पोलिसांकडे. चुकीचं ठाणं निवडलं की अर्ज पडून राहतो. पत्त्यावरून ठाणं कुठलं, ते आधी त्या इमारतीच्या वॉचमनला किंवा शेजाऱ्यांना विचारून घ्या.

---

दारणा

गोदाकाठदादांच्या मुद्द्याला जोडून. नोकरीच्या रकान्यात 'भारतीय सेना' पुरे. कोर्सचं नाव, बॅच, तारखा एजंटला, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटात, फेसबुकवर कुठेही टाकू नका. 'अमुक कोर्ससाठी दहा जणांना घरं हवीत' अशा पोस्ट दिसतात, त्या काढून टाकायला सांगा. बाल्कनीतून दिसणाऱ्या हेलिकॉप्टरचे व्हिडिओ नातेवाइकांना पाठवायचा मोह मुलांना होतो, त्यांनाही समजावा. ड्रोन तर या भागात उडवायचाच नाही.

---

लामरोड

सोसायटीने ना हरकत दाखल्यासाठी पैसे मागितले तर द्यायचे का? एका ठिकाणी 'मूव्ह-इन चार्ज' म्हणून मोठी रक्कम सांगितली आहे.

---

सातबारा

सहकारी सोसायटीत सभासदाने घर भाड्याने देण्याची सूचना द्यायची असते, आठ दिवस आधी, कराराच्या प्रतीसह. सोसायटी घेऊ शकते ती बिनभोगवटा आकारणी (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क), आणि तीही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ही मर्यादा घातली आहे. ती मालकाने भरायची. सामान नेताना लिफ्ट खराब झाली तर भरपाई, हे समजण्यासारखं, पण सरसकट मोठी रक्कम मागणं नियमात बसत नाही. मालकामार्फत सोसायटीकडून नियमाचा लेखी आधार मागा. तुम्ही स्वतः भांडायला जाऊ नका, तुम्हाला तिथे काही महिने राहायचंय आणि शेजार चांगला ठेवायचाय.

---

अश्विनी_ना

दोन-तीन महिन्यांसाठीच लागत असेल तर? तेवढ्यासाठी करार, दलाली, फर्निचर सगळं जड जातं.

---

मंजिरी_द

अश्विनी, तेवढ्यासाठी रिकामं घर घेऊच नकोस. लॅम रोडला आणि देवळालीत जुनी आरोग्यभुवनं आहेत, त्यांना इथे सगळे सॅनेटोरियमच म्हणतात. हवापालटासाठी येणाऱ्यांसाठी बांधलेली, स्वयंपाकाची सोय असलेल्या खोल्या. बहुतेक त्या त्या समाजाच्या ट्रस्टची आहेत, त्यामुळे सगळीकडे सगळ्यांना मिळत नाहीत, मांसाहाराचे नियमही असतात. आधी फोनवर स्पष्ट विचारायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत ती भरलेली असतात, इतर वेळी महिन्याच्या हिशोबाने बोलता येतं.

दुसरा मार्ग म्हणजे निघून जाणाऱ्या बॅचच्या कुटुंबाकडून घर थेट घेणं. गॅसची शेगडी, गाद्या, कूलर सगळं त्याच घरात राहतं, ठरलेल्या किमतीला हस्तांतर. दलाली वाचते, आणि मालकाला फौजी भाडेकरूचा अनुभव असतो. पण करार मात्र नवा, तुमच्या नावाने. 'त्यांच्याच करारात चालवून घ्या' हे मान्य करू नका.

पहिले चार-आठ दिवस मेसची गेस्ट रूम मिळते का ते युनिटमार्फत विचारून ठेव, आणि तेवढ्या दिवसांत घर प्रत्यक्ष बघून ठरव.

आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ च्या आसपास येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं तेव्हा आहेत. थोड्या मुदतीची घरं आणि हॉटेलं त्या काळात यात्रेकरूंसाठी राखली जातील, रस्ते वळवले जातील. करार त्या महिन्यांच्या बराच आधी सुरू होईल असं बघा आणि मधे मुदत संपू देऊ नका.

---

लामरोड

मंजिरीताई, लॅम रोडच्या एका ट्रस्टच्या खोलीचं उद्याच विचारतो. घर मिळालंच तर ताबा घेताना काय काय बघायचं?

---

विहितगावकर

महावितरणच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी बघा, मालकासमोरच. मीटरचा फोटो काढा, त्यात रीडिंग आणि मीटर नंबर दोन्ही यायला हवेत, आणि तो मालकाला त्याच वेळी व्हॉट्सअॅप करा. बिल्डिंगमध्ये मीटर एका ओळीत असतात आणि फ्लॅट नंबर खडूने लिहिलेले असतात. तुमच्या घराचा मेन स्विच बंद करून कुठला मीटर थांबतो ते बघा. दुसऱ्याचं बिल भरत बसण्याचा प्रकार उपनगरच्या जुन्या इमारतींत होतो.

पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं ते खालच्या मजल्यावरच्यांना विचारा. वरच्या मजल्यावर मोटर कोण लावतं, तेही. पाणी वाहून आणावं लागेल असं घर नको, पहाटे निघणाऱ्याला वेळ नसतो. वालदेवीच्या काठाकडच्या घरांना खिडक्यांना जाळ्या आहेत का बघा, पावसाळ्यानंतर डास फार.

सामानाची यादी करा : पंखे किती, ट्यूब किती, गीझर चालतो का, नळ गळतो का, किल्ल्या किती. दोघांच्या सह्या, आणि घराचा खोलीवार व्हिडिओ. डिपॉझिटमधून कापणी होते ती याच बारीक गोष्टींवर.

गॅससाठी नवं कनेक्शन घ्यायच्या मागे लागू नका. इमारतीत एमएनजीएल (महाराष्ट्र नॅचरल गॅस) कंपनीचा पाइप गॅस मालकाच्या नावावर असेल तर उत्तम, फक्त मीटर रीडिंग लिहून घ्या. नसेल तर इंडियन ऑइलचा पाच किलोचा 'छोटू' ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. दोघांच्या स्वयंपाकाला दोन छोटू ठेवले की एक भरायला देता येतो. आणि हेल्मेट आजच घेऊन ठेवा, पिलियनचंही. लष्करी हद्दीत मागे बसणाऱ्यालाही त्याशिवाय आत सोडत नाहीत.